खडीचे सगळे रिपोर्ट पास, तरी काँक्रीटच्या रस्त्याला खळगे का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका तालुक्यात २.८ किलोमीटरचा काँक्रीट रस्ता झाला. दोन पावसाळे गेले आणि पृष्ठभागावर रुपयाच्या नाण्यापासून छोट्या वाटीएवढे खळगे दिसू लागले. विचारणारे कनिष्ठ अभियंता आहेत. खडी जवळच्याच क्रशरची, काळ्या दगडाची. रिपोर्टमध्ये इम्पॅक्ट व्हॅल्यू (घणाच्या माराने होणारा चुरा) १३ टक्के, क्रशिंग व्हॅल्यू (दाबाने होणारा चुरा) १६, लॉस एंजलिस (घासून होणारी झीज) १८, पाणी शोषण १.३ टक्के, चपट्या-लांबट दगडांचा एकत्रित निर्देशांक २७. ताकद तपासायला केलेले काँक्रीटचे क्यूबही सगळे पास. ते विचारतात, "एवढं सगळं पास असताना दोष खडीचा कसा? आणि पुढच्या कामाला खडी टिकेल की नाही हे प्रयोगशाळेत आधी कळू शकतं का?"

आधी कळू शकतं. पण तुमच्या रिपोर्टमधल्या पाचही चाचण्या दगड आज, कोरडा असताना, किती दणकट आहे आणि आकाराने कसा आहे एवढंच सांगतात. पाणी शोषणाच्या आकड्यात टिकाऊपणाची थोडी खूण असते, पण तीही सरासरीत बुडून जाते. काँक्रीटच्या रस्त्यात दगडाला मारतं ते बहुतेक वेळा पाणी.

मी २६ वर्षं बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत काम करते. खडी तपासण्याआधी तुम्ही बादलीभर पाणी, तारेचा ब्रश आणि एक मोठा खिळा घेऊन रस्त्यावर जा. वीस-पंचवीस खळगे ब्रशने साफ करा, धुवा आणि तळाशी काय आहे ते पाहा. तळाशी अर्धा फुटलेला दगड दिसला तर दगड आतून फुगून फुटला आहे आणि वरचा मसाला (सिमेंट-वाळूचं मिश्रण) त्याने उडवला आहे. असा खळगा साधारण उलट्या शंकूसारखा असतो. तळाशी दगडाचा नुसता गुळगुळीत साचा उरला असेल, तर दगड शाबूत आहे पण मसाल्याने त्याला धरलं नाही. खडीवर धूळ चिकटलेली होती किंवा दगड फार चपटा होता. आणि दगड दिसतच नसेल, फक्त मसाल्याचा पापुद्रा गेला असेल, तर खडीला दोष देऊ नका. तिथे फिनिशिंग करताना वरून पाणी मारलं, किंवा क्युरिंग उशिरा सुरू केलं, असाच प्रकार निघतो. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार निघाला तर त्या फुटक्या दगडावर खिळा ओढा. चांगला काळा पाषाण खिळ्याला दाद देत नाही. नखासारखी पांढरट रेघ उमटली, किंवा हिरवट-काळपट भुकटी सुटली, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. इम्पॅक्ट चाचणीत सुमारे १४ किलोचा घण ३८० मिलिमीटरवरून १५ वेळा कोरड्या खडीवर पडतो आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती चुरा जातो ते मोजतात. लॉस एंजलिसच्या पिंपात खडी पोलादी गोळ्यांबरोबर ५०० फेरे खाते. आयएस ३८३ या खडीच्या भारतीय मानकाप्रमाणे झीज सोसणाऱ्या पृष्ठभागाच्या काँक्रीटसाठी या दोन्हींची मर्यादा ३० टक्के आहे. आपला काळा दगड तिथे सहज बसतो, कारण तो चिवट आहे. मला स्वतःला या चाचण्या खडीकरणाच्या रस्त्यासाठी जास्त बोलक्या वाटतात, कारण तिथे दगडावर दगड घासतो आणि रोलर थेट त्याच्यावर फिरतो. काँक्रीटमध्ये दगड मसाल्याच्या मिठीत असतो. तिथे या आकड्यांचा उपयोग मिक्सरमध्ये खडी किती चुरेल हे समजण्यापुरता.

पाणी शोषणाचा १.३ हा आकडा मात्र नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. समजा तुमच्या खडीत दहातले नऊ दगड उत्तम आहेत आणि ते ०.८ टक्के पाणी पितात. उरलेला एक मऊ, सच्छिद्र आहे आणि तो ६ टक्के पितो. सरासरी काढा: ०.७२ अधिक ०.६, म्हणजे १.३२. रिपोर्टवर १.३ लागला, २ टक्क्यांची मर्यादा आरामात सांभाळली गेली. शिवाय बऱ्याच निविदांमध्ये अट अशी असते की शोषण २ टक्क्यांपेक्षा जास्त आलं तरच साउंडनेस चाचणी (दगड हवापाण्यात टिकेल का हे पाहणारी) करा. म्हणजे जी चाचणी हा दहावा दगड पकडू शकली असती, तिचं दार या सरासरीनेच बंद केलं. रस्त्यावर खळगा पाडायला सरासरी लागत नाही, पृष्ठभागाजवळचा एक वाईट दगड पुरतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं, असा माझा अंदाज आहे.

मला हे शिकवणारी घटना नोकरीच्या चौथ्या वर्षातली. एका ठेकेदाराने खडीचं पोतं पाठवलं, आम्ही नियमाप्रमाणे तपासलं, सगळं पास. दीड वर्षाने त्याच रस्त्यावर असेच खळगे पडले आणि एक कोअर (रस्त्यातून कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल) आमच्याकडे आला. कापून, पाणी मारून उजेडात धरला. राखाडी-काळ्या दगडांमध्ये तीन-चार दगड वेगळे दिसत होते: अंगावर वाटाण्याएवढी भोकं, काहींत पांढरं खनिज, काहींत गडद हिरवा, मेणासारखा लगदा. त्यातला एक तुकडा मी काचेच्या वाटीत पाण्यात टाकून घरी गेले. सकाळी वाटीच्या तळाशी हिरवट गाळ बसला होता आणि दगडाचे तीन पापुद्रे झाले होते. मी तपासलेल्या पोत्यात असा एकही दगड नव्हता. ते पोतं चांगल्या ढिगातून निवडून भरलेलं होतं आणि मी ते कुठून आलं हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून नमुना कोणी, कुठून घेतला हे कळल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

हा हिरवा लगदा येतो कुठून? महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट, बारीक कणांचा, आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तसा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीची सिलिका आणि हिरवी चिकणखनिजं भरली. विहिरी खोदणारे लोक याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे सुंदर स्फटिक आपण कौतुकाने पाहतो, ते अशाच पोकळ्यांतले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणी निळ्या कॅव्हनसाइटसाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत. संग्रहालयात जे देखणं, ते काँक्रीटमध्ये दुखणं. त्यातही पांढऱ्या झिओलाइटपेक्षा मी हिरव्या चिकणखनिजाला जास्त घाबरते. ते स्मेक्टाइट गटातलं, काळ्या मातीसारखंच पाणी प्यायलं की फुगणारं, सुकलं की आकसणारं. उन्हाळ्यात भेगाळलेलं रान आणि पावसात फुगलेलं रान तुम्ही पाहिलं आहे. तेच एका दगडाच्या पोटात चालू असतं.

म्हणून हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, वाईट, असं मात्र कोणी म्हणू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच काळ्या दगडाच्या मुलखातून काँक्रीटचा बांधला गेला आणि २००२ पासून पूर्ण वाहतोय. शिवाय बेसॉल्ट तापमानाने क्वार्टझाइटपेक्षा बराच कमी प्रसरण पावतो, हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात स्लॅबला मोठाच फायदा. प्रश्न खाणीतला कोणता थर फोडला, इतकाच.

पुढच्या कामाला मी कोणत्या चाचण्या मागेन, ते सांगते.

सुरुवात हाताने निवडण्यापासून. वीस एमएम खडीचे दहा किलो धुऊन, ओले असताना पांढऱ्या पत्र्यावर पसरा. ओल्या दगडाचा रंग खरा बोलतो. घट्ट काळे, भोकांचे, हिरवट किंवा तांबूस असे ढीग करा आणि प्रत्येकाचं वजन करा. मग प्रत्येक ढिगाचं पाणी शोषण वेगळं काढा. एरवी २४ तासांनी मोजतात. मी त्याबरोबर पहिल्या तासाला आणि सातव्या दिवशीही मोजते. घट्ट दगड पहिल्या दिवसानंतर जवळपास थांबतो. चिकणखनिजाचा दगड पीतच राहतो. अमेरिकेत आयोवा राज्याच्या रस्ते खात्याने याच कल्पनेवर एक उपकरण केलं: दाबाखाली पहिल्या मिनिटात किती पाणी शिरतं आणि पुढच्या १४ मिनिटांत किती, हे वेगळं मोजायचं. नंतर सावकाश शिरणारं पाणी बारीक छिद्रांची खूण असतं आणि तिथल्या गोठणाऱ्या हिवाळ्यात तोच दगड रस्त्याच्या सांध्याशी तडे पाडतो. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण बारीक छिद्रांचा आहेच.

त्यानंतर साउंडनेस, आयएस २३८६ या खडीच्या चाचण्यांच्या संहितेच्या पाचव्या भागाप्रमाणे. खडी सोडियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात १६ ते १८ तास बुडवायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पाच आवर्तनं. दगडाच्या छिद्रांत या क्षाराचे स्फटिक वाढतात आणि आतून रेटा देतात. घट १२ टक्क्यांच्या आत हवी. मॅग्नेशियम सल्फेट वापरलं तर १८ च्या आत. अनेक जण म्हणतात की ही चाचणी बर्फाच्या मुलखासाठी आहे, आपल्याला कशाला? मला ते पटत नाही. ती हुबेहूब पावसाळ्याची नक्कल करत नाही हे खरं, पण दगडात कमकुवत जागा आहेत का हे ती उघड करते. आकड्यापलीकडे आणखी एक गोष्ट पाहा: २० मिलिमीटरपेक्षा मोठे दगड आधी मोजून ठेवायचे आणि शेवटी किती फुटले, किती भुरभुरले, किती तडकले हे लिहायचं, असं संहिताच सांगते. बहुतेक रिपोर्टमध्ये तो रकाना कोरा असतो. माझं अर्धं मत त्या रकान्यावरून बनतं.

या चाचणीत एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. सोडियम सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलते आणि ३२.४ अंशांच्या वर त्याचा दहा पाण्याच्या रेणूंचा स्फटिक तयारच होत नाही. संहिता २७ अंश, एका अंशाच्या फरकाने, असं सांगते. मे महिन्यात नागपूर-परभणीकडे पंख्याखाली ठेवलेल्या टबात द्रावण कितीवर गेलं असेल याचा विचार करा. तो आकडा कमी येवो की जास्त, भरवशाचा नसतो. रिपोर्ट मागताना रोजच्या तापमानाची नोंदही मागा.

तिसरी चाचणी अगदी स्वस्त. इम्पॅक्ट एकदा कोरड्या खडीवर करा आणि एकदा तीन दिवस पाण्यात ठेवून पृष्ठभाग पुसलेल्या खडीवर. मऊ खडीसाठी ओल्या इम्पॅक्टची पद्धत आयएस ५६४० मध्ये आहेच. घट्ट बेसॉल्टमध्ये दोन आकड्यांत फारसा फरक पडत नाही. ओला आकडा कोरड्याच्या सव्वापट झाला की मी थांबते आणि दगड पुन्हा निवडायला घेते. ही संहितेची मर्यादा नव्हे, माझा अनुभवाचा अडाखा आहे.

इथिलीन ग्लायकॉलची चाचणी आयएस २३८६ मध्ये नाही, तरी बेसॉल्टसाठी मला ती सर्वांत उपयोगी वाटते. ग्लायकॉल स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि त्याला पाण्यापेक्षाही नेटाने फुगवतं. पंचवीस-तीस दगडांना क्रमांक टाका, फोटो काढा, ग्लायकॉलमध्ये पूर्ण बुडवा आणि १५ दिवस ठेवा. तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पाहा. खराब दगड बऱ्याचदा तिसऱ्याच दिवशी उमलल्यासारखा फुटतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतले बेसॉल्टवर काम करणारे लोक ग्लायकॉलचा वापर पूर्वीपासून करतात. हे द्रव विषारी आहे, हातमोजे घाला, बरणीवर ठळक लिहा आणि नंतर गटारात ओतू नका.

या सगळ्याच्या आधी, खरं तर खाण ठरवतानाच, दगडाचा पातळ छेद करून घ्यावा. ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की भूशास्त्रज्ञ तुम्हाला काच किती, चिकणखनिज किती, पोकळ्यांत काय भरलं आहे हे सरळ सांगतो. आयएस २३८६ चा आठवा भाग याचसाठी आहे आणि माझ्या पाहण्यात तोच सर्वांत कमी वापरला जातो. पुणे, नागपूर इथल्या विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत, तिथे विचारा. कोटींच्या कामात हा खर्च कुठे दिसतही नाही.

अल्कली-सिलिका अभिक्रियेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नुकसानभरपाईच्या बैठकीत कोणीतरी तो शब्द काढेलच. १९४० मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी ती प्रथम दाखवली. सिमेंटमधली अल्कली दगडातल्या अस्थिर सिलिकेशी संयोग पावून फुगणारा जेल बनवते. आपल्या बेसॉल्टमध्ये ज्वालामुखी काच आणि पोकळ्यांतली कॅल्सेडनी, ओपल या दोन्ही शंकेच्या जागा आहेत, त्यामुळे चाचणी करावीच. वेगवान पद्धतीत मसाल्याच्या पट्ट्या ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात; १६व्या दिवशी लांबी ०.१० टक्क्यापेक्षा कमी वाढली तर निर्धोक, ०.२० च्या वर गेली तर धोका, मध्ये राहिली तर आणखी तपास. पण ही अभिक्रिया सहसा बऱ्याच वर्षांनी, नकाशासारख्या भेगांनी दिसते. दोन पावसाळ्यांतले सुटे खळगे हे तिचं लक्षण नाही. पुढच्या कामात शंका आली तर २५ ते ३० टक्के फ्लाय अॅश (औष्णिक केंद्रांतली कोळशाची राख) हा चांगला उपाय आहे आणि कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे अशी औष्णिक केंद्रं असलेल्या राज्यात तिची वाण नाही.

झिजेबद्दल एकच सांगते. ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर पृष्ठभाग घासतो तो आधी मसाल्याचा, खडीची पाळी नंतर येते. म्हणून क्रश सँडकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे, खडीइतकंच लक्ष द्या. मांजऱ्या दगडाची क्रश सँड केली की चिकणखनिज सगळं ७५ मायक्रॉनच्या भुकटीत उतरतं. मिश्रणाला पाणी जास्त लागतं, आकुंचन वाढतं. त्या भुकटीत चिकणखनिज किती हे दाखवणारी मिथिलीन ब्लू चाचणी करा. ओल्या झिजेसाठी मायक्रो-डेव्हल यंत्र कुठे मिळालं तर जरूर वापरा: १५०० ग्रॅम खडी, २ लिटर पाणी, ५ किलो छोटे पोलादी गोळे, १२,००० फेरे. पाण्यात घासल्यामुळे मऊ दगड तिथे लपत नाही.

आता नमुना. एवढ्या चाचण्या केल्या आणि पोतं निवडून भरलेलं असेल तर सगळं व्यर्थ. ढिगाच्या पायथ्याशी मोठे दगड घरंगळतात आणि वर बारीक राहतात, म्हणून शक्य असेल तर क्रशर थांबवून पट्ट्यावरचा पूर्ण आडवा छेद उचला. मग चौथाई करून (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवून) कमी करा. त्याआधी खाणीत उतरा. समोरची भिंत पाहा, घट्ट थर कुठून कुठपर्यंत, मांजऱ्या कुठे सुरू होतो, तांबडा पट्टा कुठे आहे, हे वहीत काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. प्रत्येक थराचा नमुना वेगळा. क्रशरवाल्याशी बोला; फोडणाऱ्या माणसाला कोणता दगड "पोकळ वाजतो" हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. खाण खोल किंवा आडवी सरकली की थर बदलतो आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट दुसऱ्याच दगडाचा ठरतो. म्हणून पुन्हा तपासणी कधी, हे घनमीटरवर ठरवून भागत नाही. नवा बेंच (खाणीतली पायरी) उघडला की नवा नमुना, अशी अट मी घालते.

वेळेचं भय बाळगू नका. साउंडनेसला आठ-दहा दिवस, ग्लायकॉलला पंधरा, अल्कलीच्या पट्ट्यांना सोळा अधिक तयारी. सगळ्या एकदम लावल्या तर तीन आठवड्यांत उत्तर हातात येतं. मिक्स डिझाइनच्या क्यूबना २८ दिवस तर तुम्ही देताच.

सध्याच्या रस्त्याचं म्हणाल तर खळगे खोलवर जात नसतील आणि स्लॅबला भेगा नसतील, तर हे दुखणं बहुतेक पृष्ठभागापुरतं आहे. स्लॅब काढायची घाई करू नका. चांगल्या आणि वाईट पट्ट्यांतून तीन-तीन कोअर काढा, कापून ओले करून पाहा, त्यातले संशयित दगड काढून ग्लायकॉलमध्ये टाका. खळग्यांतला फुटका दगड छिन्नीने पूर्ण काढून, जागा कोरडी करून इपॉक्सी मॉर्टरने भरा. डांबर ओतू नका. हे काम दिवाळीनंतर घ्या, रस्ता आतून सुकल्यावर. आणि पुढच्या कामात प्रत्येक बेंचच्या खडीचं पन्नास किलोचं एक पोतं, दोन्ही पक्षांच्या सह्यांचं सील लावून, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत कार्यालयात ठेवा.